पावसाच्या आधी चिनी पुड्या घेतल्या तर सर्दी-फ्लू टळतो काय?

वडगावचा मागवाला

नमस्कार मंडळी. वडगावात आमचे यंत्रमाग आहेत. घरात आई (वय ७१, बीपी आणि साखर दोन्ही), बायको आणि तिसरीतली पोरगी, वय आठ. मृगाचा पाऊस लागला की आमच्यात शिंकांना जी सुरुवात होते ती शिमग्यापर्यंत. एकाचं बरं होतंय तोवर दुसऱ्याचं नाक गळायला लागतंय. गेल्या पावसाळ्यात आईचा फ्लू छातीत उतरला, न्यूमोनिया झाला, ॲडमिट करावं लागलं. तेव्हापासून आभाळ भरून आलं की मला धास्ती वाटते.

आता मेहुणा पुण्यात मशिनरी पार्टचा धंदा करतो. तो ग्वांगझोला जाऊन आला, येताना पिशवीभर पुड्या घेऊन आलाय. 'युपिंगफेंग' नाव म्हणे. तिकडचे लोक हवा बदलायच्या आधी घेतात, सर्दी जवळ येत नाही, असं त्याचं म्हणणं. बॉक्स त्यानं बॅगेत जागा नाही म्हणून तिथंच टाकला, नुसत्या पुड्या आणल्या. त्यावर सगळं चिनीत.

आमच्यात रोजचा काढा चालू आहेच. आलं, मिरी, तुळस, लवंग, गूळ. आईला साखर असल्यामुळं तिच्या काढ्यात गूळ घालत नाही, त्याऐवजी जेष्ठमध जरा सढळ घालतो, गोडी येते. ती सकाळ-संध्याकाळ पेलाभर पिऊलालीय, दिवाळीपासून खंड नाही.

आईला आणि पोरीला या पुड्या चालतील काय? चिनी वैद्यकात खरंच सर्दी अडवायचं काही आहे काय? कुणाला माहिती असेल तर सांगा. मेहुण्याचा रोज फोन येऊलालाय, "सुरू केल्या काय?" म्हणून.

निपाणीकर काका

अहो, रोगबी तिकडनं घ्यायचा आणि औषधबी तिकडनंच? हळद घालून दूध द्या, कानटोपी घाला, पोरीला पावसात भिजू देऊ नका. आमच्या निपाणीत तंबाखूच्या वखारीत जन्म गेला माझा, शिंका काय असतात ते मला विचारा. औषध एकच, ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करायची आणि हुंगायची.

तरी पण एक आहे. आपले सोलापूरचे डॉ. कोटणीस चीनला गेले, तिथंच वारले, चिनी लोक आजून त्यांचं नाव काढतात म्हणे. म्हणजे तिकडच्या वैद्यकात काहीतरी असेल म्हणून तर गेले असतील न्हवं? जाणकारांनी सांगावं.

कडोलीची सून

आमच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर आलंय की फ्लूची टॅमीफ्लू गोळी चक्रीफुलापासूनच करतात आणि ते झाड मूळचं चीनचं. तेव्हापासून मी पोरांच्या काढ्यात दोन-दोन चक्रीफुलं टाकते. मसाल्यात तर असतंच आपल्या, मग काढ्यात घातलं म्हणून काय बिघडतंय? मागवाले भाऊ, पुड्या राहू देत, हे करून बघा.

खानापूरची डॉक्टर

मी खानापूर तालुक्यातली. एमबीबीएस चीनमध्ये, नानजिंगला केलं, परत येऊन इथली परीक्षा दिली आणि आता गावाकडं दवाखाना चालवते. जांबोटी-कणकुंबीकडचे पेशंट येतात, त्यामुळं पावसाळा म्हणजे काय ते मला कुणी सांगायला नको. आम्हा परदेशी मुलांना चिनी वैद्यक हा एक विषय अभ्यासक्रमात होता. तेवढ्यानं मी चिनी वैद्य होत नाही, पण तो विषय शिकवणाऱ्या बाई वयस्कर आणि प्रेमळ होत्या. त्यांच्या ओपीडीत कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून मी बरंच बघितलंय. भिंतभर लाकडी खण, खणाखणात मुळ्या आणि साली, तराजू घेऊन उभी असलेली मुलगी, आणि सगळ्या मजल्यावर काढ्याचा वास.

तुमच्या पुडीबद्दल आधी. युपिंगफेंग जुनं आहे, तिकडं सर्रास मिळतं, यात मेहुणा खोटं बोलत नाही. त्यात तीन वनस्पती: ह्वांगछी, पायचू आणि फांगफेंग. बाई समजवायच्या ते असं. कातडीच्या लगत शरीराची एक राखण फिरत असते, तिला ते वेइ-ची म्हणतात. घामाची भोकं कधी उघडायची, कधी मिटायची हे तिच्या हातात. ती दुबळी झाली की वारा आत घुसतो, आणि येताना थंडीला नाहीतर उष्णतेला सोबत घेऊन येतो. ह्वांगछीनं राखणीला बळ द्यायचं, पायचूनं पचन सुधारायचं, कारण बळ शेवटी अन्नातनंच येतं, आणि फांगफेंगनं वाऱ्याला बाहेर काढायचं.

आता मेहुण्यानं न सांगितलेली गोष्ट. बाई ही पुडी आल्या-गेल्याला देत नसत. मनगटावर तीन बोटं ठेवून नाडी बघायच्या, जीभ बाहेर काढायला लावायच्या, मग विचारायच्या, नुसतं बसलं तरी घाम येतो काय? पंख्याचा वारा सोसत नाही काय? चेहरा फिकट, चार पावलं चालून दमणारा, झुळूक लागली की शिंकणारा, अशा माणसाला त्या द्यायच्या, तेही तो बरा असताना. घसा लाल, जिभेवर पिवळा थर, अंगात कडकी असणाऱ्याला नाही. आणि सर्दी-ताप सुरू झाला असेल तर कुणालाच नाही. चोर घरात असताना दार लावून घ्यायचं नाही, ही तिकडच्या वैद्यांची जुनीच म्हण. म्हणजे त्यांच्याच शास्त्रानं बघितलं तरी चार माणसांच्या घरात, नाडी-जीभ न बघता, एकच पुडी सगळ्यांना देणं बसत नाही.

आणि आमच्या शास्त्रानं? चिनी वनौषधी सर्दीवर किती चालतात आणि फ्लूवर किती, याची कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेनं वेगवेगळी छाननी केलेली आहे. बहुतेक प्रयोग ढिसाळ, त्यावरून उपयोग होतो असं खात्रीनं म्हणता येत नाही, असाच निष्कर्ष दोन्हीकडं. उपयोग होतच नाही असं सिद्ध झालंय, असाही त्याचा अर्थ नव्हे. पण न्यूमोनियातनं उठलेल्या ७१ वर्षांच्या बाईला मी 'बहुतेक चालेल' याच्या भरवशावर ठेवणार नाही.

त्यात तुमच्याकडं बॉक्स नाही. तारीख नाही, आतलं कागदपत्र नाही. चिनी दाणेदार पुड्यांत बऱ्याचदा साखर मिसळलेली असते, आणि आईला डायबेटीस. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन कमी करायला म्हणून चिनी वनस्पतींच्या कॅप्सूल दिल्या गेल्या. एका मुळाच्या जागी भलतंच मूळ पडलं, त्यात ॲरिस्टोलोकिक आम्ल होतं, आणि शंभराहून जास्त बायकांच्या किडन्या खराब झाल्या. काहींना पुढं कॅन्सर झाला. तुमच्या पुडीत तसं काही आहे असं मी म्हणत नाही. पण पुडीत काय आहे हे ना तुम्हाला माहिती ना मला. मेहुण्याला सांगा, आधी बॉक्स दाखव.

चिनी वैद्यकातलं मला पटलेलं आहे ते वेगळंच आहे, आणि त्याला पुडी लागत नाही. नानजिंगची थंडी ओली, हाडात शिरणारी. चीनमध्ये उत्तरेकडं सरकारी हीटिंग असतं, यांगत्सेच्या काठच्या आमच्या शहरात ते नव्हतं, हॉस्टेलच्या खोलीत तोंडातनं वाफ दिसायची. तिथल्या म्हाताऱ्या बायका रस्त्यात थांबवून ओरडायच्या, मान झाक म्हणून. मानेमागं कवटीच्या खाली दोन खळगे असतात, वारा तिथनं शिरतो असं त्यांचं गणित. सर्दी विषाणूनं होते, मानेतनं शिरत नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे. पण घामेजलेलं बनियन बदलणं, भिजून आल्यावर केस कोरडे करणं, रात्री लवकर झोपणं, गरम पाणी पिणं, यात वाईट काय आहे? तुम्ही मागावर घामाघूम होता आणि तसेच दारात येऊन गार वाऱ्याला उभं राहता. बाईंनी तुम्हाला धरून रागावलं असतं.

सर्दी झालीच तर त्यांच्यात पहिला प्रश्न थंडीची की उष्णतेची. हुडहुडी, अंग आखडलेलं, नाकातनं पाण्यासारखं, घाम नाही, म्हणजे थंडीची. तिथं आलं आणि कांद्याच्या पातीचा पांढरा भाग उकळून देतात. भिजून आलेल्या पोराला आलं आणि तांबडी साखर. आपलं आलं-गूळच की हो ते. पण घसा दुखतोय, ताप चढलाय, कफ पिवळा, तहान लागतेय, अशा वेळी आलं-मिरी ओतत राहायचं नाही. तिथं यिनछाव, म्हणजे हनीसकल नावाच्या वेलीच्या कळ्या आणि फॉर्सिथियाचं फळ वगैरे, थंड प्रकृतीचं औषध. ते १८ व्या शतकाच्या शेवटी वू जुथुंग या वैद्यानं बसवलं. आपल्याकडं सगळ्या सर्दीला एकच जाळ काढा, घसा सोलून निघाला तरी, ही सवय मात्र मला खटकते.

आणि पेज! चांग चुंगचिंग हा साधारण अठराशे वर्षांपूर्वीचा वैद्य. थंडीच्या सर्दीवर त्याचा काढा आहे, दालचिनीच्या डहाळ्या, पिओनीचं पांढरं मूळ, आलं, बोरं आणि जेष्ठमध. काढा पिऊन थोडा वेळ गेला की गरम पातळ पेज प्यायची, पांघरूण घ्यायचं. घाम दरदरून आणायचा नाही, अंग ओलसर होईल एवढाच. कच्चं, गार, तेलकट आणि मटण बंद. बाई हे शिकवत होत्या आणि मी मनात म्हणत होते, आमची आजी हेच करायची, फक्त पेजेबरोबर मेतकूट द्यायची.

ऐन उन्हाळ्यातले लेपही बघितले मी. हिवाळ्यात ज्यांना खोकला-दमा होतो त्यांना उन्हाळ्यातच आवरायचं, अशी कल्पना. सानफू म्हणतात त्या सगळ्यात कडक दिवसांत पांढऱ्या मोहरीची पूड आणि बाकीची काही औषधं आल्याच्या रसात कालवून पाठीवर ठरलेल्या जागी चिकटवतात. रांगा लागतात त्यासाठी. पुष्कळांच्या पाठीवर फोड उठतात. हे वाचून कुणी घरी मोहरी वाटायला बसू नका, पोरांची कातडी भाजते. पाठ भाजलेलं पोर आणि शिवाय खोकला, असं दोन्ही घेऊन माझ्याकडं येऊ नका.

कडोलीच्या ताई, चक्रीफुलातलं शिकिमिक आम्ल हा टॅमीफ्लूचा कच्चा माल, एवढं खरं. २००५ मध्ये बर्ड फ्लूची भीती पसरली तेव्हा चक्रीफुलाचे भाव वाढले होते. पण त्या आम्लावर कारखान्यात रासायनिक प्रक्रियांच्या पायऱ्यावर पायऱ्या होतात, मग ते औषध तयार होतं. काढ्यात चक्रीफूल उकळून टॅमीफ्लू होत नाही. बिर्याणीला घाला, छान लागतं. लहान बाळांना मात्र त्याचा चहा देऊ नका. त्याच्यासारखंच दिसणारं एक जपानी फळ विषारी असतं आणि ते भेसळीत आलेलं आहे.

काका, डॉ. कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर गेले ते युद्धातल्या जखमींवर शस्त्रक्रिया करायला, काढे शिकायला नव्हे. १९४२ मध्ये तिथंच वारले. पथकातले डॉ. बसू पुढं १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, ॲक्युपंक्चर शिकले आणि कोलकात्यात सुरू केलं. मी महाराष्ट्राच्या सीमेवरची म्हटल्यावर आमच्या बाई "ख तिह्वा!" म्हणून उभ्याच राहिल्या होत्या, हे त्यांचं चिनी नाव. त्या दिवशी मला फुकट जेवण मिळालं.

आता मागवाले, तुमच्या सगळ्या पोस्टमध्ये मला सगळ्यात टोचलेली गोष्ट पुडी नाहीच. आईचा जेष्ठमधाचा काढा. बीपीच्या पेशंटला दिवसातनं दोनदा, सढळ हातानं, दिवाळीपासून? जेष्ठमधात ग्लिसिरायझिन असतं. ते शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम बाहेर घालवतं आणि बीपी वाढवतं. घसा बसला म्हणून चार दिवस काडी चघळणं वेगळं. तिची बीपीची गोळी कुठली चालू आहे? पट्टीवरचं नाव बघून लिहा.

रविवार पेठेतला काष्ठौषधीवाला

डॉक्टरताईंनी बरं लिहिलं. आमचं दुकान आजोबांपासूनचं, म्हणून धंद्याच्या बाजूनं थोडं बोलतो.

ह्वांगछी, पायचू, फांगफेंग यातलं काहीच आमच्या खणात नसतं. गिऱ्हाईक मोबाईलवर फोटो दाखवतंय, "ह्याला आपल्यातलं काय?" विचारतंय. मी सांगतो, नाही. कोण पिवळट मूळ काढून "हेच ते" म्हणून द्यायला लागला तर पैसे खिशात ठेवून बाहेर पडा. वाळलेलं मूळ एकदा कापलं की भल्याभल्यांना ओळखू येत नाही, कुटलं की तर देवालाच माहीत.

चिनी काढ्यातलं आमच्याकडं मिळतं ते सुंठ, दालचिनी, जेष्ठमध, चक्रीफूल. त्यातला जेष्ठमध बहुतेक अफगाणिस्तान-इराणकडनं येतो. बाजारातली जाड सालीची दालचिनी ही बहुतेक कॅशिया, चीन-व्हिएतनामकडची. पातळ, कागदासारख्या गुंडाळीची ती सिलोनची, तिचा भाव वेगळा. रोज चमचा-चमचा पूड खाणाऱ्यांनी जाड सालीची खाऊ नये, यकृताला बरी नाही.

एक बाई मागं "चिनी धुरी" मागायला आल्या होत्या, ॲक्युप्रेशरवाल्यानं सांगितलं म्हणून. चिनी लोक एक वाळका पाला वळून, पेटवून कातडीजवळ धरतात, शेक घेतात, ते. तो पाला आर्टेमिसिया जातीचा. चैत्रात जोतिबाला आपण वाहतो तो दवणा त्याच जातीचा, हे मी बाईंना सांगितलं आणि चूक केली, कारण त्या लगेच "मग दवणाच द्या" म्हणाल्या. नाही दिला. जात एक म्हणून गुण एक, असं आमच्या धंद्यात धरलं तर गिऱ्हाईक मरंल.

मागवाले, नेहरूनगरला आयसीएमआरची, म्हणजे सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेची, पारंपरिक औषधांवरची राष्ट्रीय संस्था आहे की आपल्या बेळगावातच. तिथं पुडी दाखवून बघा.

खानापूरची डॉक्टर

ती संशोधन संस्था आहे हो, मेहुण्यानं आणलेली पुडी तपासून चिठ्ठी देणारं दुकान नव्हे. दालचिनीचं मात्र अगदी बरोबर सांगितलंत.

वडगावचा मागवाला

मॅडम, सगळं घरात वाचून दाखवलं. पट्टीवर बघितलं. एक ॲम्लोडिपिन, आणि दुसरी टेल्मिसार्टनबरोबर हायड्रोक्लोरोथायझाईड असं लिहिलेली जोडगोळी. साखरेची मेटफॉर्मिन. बीपी गेल्या वेळी दाखवलं तेव्हा वाढलेलं होतं, डॉक्टरांनी मीठ कमी करा म्हटलं. मीठ तर आधीच कमी आहे, लोणचं-पापड बंद केलंय, तरी कसं वाढलं म्हणून आम्हीच चक्रावलोय. आणि काढ्याचं त्यांना सांगितलंच नाही, ते काय औषध आहे काय म्हणून. रात्री पिंढऱ्यांत गोळे येऊलालेत म्हणते, आम्ही वयामुळं समजत होतो.

आणि माझी स्वतःची सर्दी वेगळीच आहे असं आता वाटायला लागलंय. सकाळी माग सुरू केले की शिंका, नाक-डोळे खाजतात, ताप कधीच नाही. रविवारी माग बंद असले की एकदम बरा.

खानापूरची डॉक्टर

काढा आजपासून बंद करा. थायझाईडची गोळी लघवीवाटे पोटॅशियम घालवते, जेष्ठमधही घालवतो. टेल्मिसार्टन थोडं धरून ठेवतं, पण तेवढ्यावर विसंबायचं नाही. वाढलेलं बीपी, पिंढऱ्यांचे गोळे, हे त्यात बसतं. तरी मी इथं बसून निदान करणार नाही. उद्या तुमच्या डॉक्टरांकडं न्या, काढ्याचं सगळं सांगा, किती जेष्ठमध आणि किती दिवस ते सुद्धा. सोडियम-पोटॅशियम आणि क्रिएटिनिनची रक्ततपासणी करून घ्या. पोटॅशियम फार उतरलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, म्हणून 'पुढच्या महिन्यात बघू' करू नका. बीपीच्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनानं थांबवू नका. आणि केळी-शहाळं भरपूर द्या असा कुणी सल्ला दिला तरी थांबा, आधी रिपोर्ट येऊ दे. टेल्मिसार्टन चालू असलेल्या माणसाला पोटॅशियम जास्त झालेलंही चालत नाही.

तुमची सर्दी नसून सुताच्या धुळीची ॲलर्जी असावी. रविवारी बरं वाटतं हे तुम्हीच सांगितलंत, त्यात निम्मं निदान आलं. मागावर उभं राहताना चांगला बसणारा मास्क लावा, झाडताना आधी पाणी शिंपडा, संध्याकाळी मिठाच्या कोमट पाण्यानं नाक धुवा. पाणी उकळून गार केलेलं घ्या, नळाचं नको. छाती भरल्यासारखी वाटत असेल, विशेषतः सुट्टीनंतर सोमवारी, तर छातीच्या डॉक्टरांना दाखवा. कापसाच्या धुळीचा फुप्फुसाचा आजार तसा सुरू होतो.

आता फ्लू. साध्या सर्दीचे विषाणू दोनशेच्या वर, त्यावर लस नाही. फ्लूवर आहे, आणि दरवर्षी घ्यावी लागते, कारण विषाणू रूप बदलतो. जागतिक आरोग्य संघटना वर्षातनं दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात, लसीत कुठले प्रकार घालायचे ते ठरवते. आपल्याकडं फ्लूचा जोर पावसाळ्यात असतो, म्हणून पाऊस लागायच्या आधी घेतलेली बरी. टोचल्यावर ताकद यायला दोन आठवडे लागतात. आईचं वय, डायबेटीस आणि मागचा न्यूमोनिया बघता तिला द्याच, आणि न्यूमोनिया करणाऱ्या न्यूमोकॉकस जंतूवरची लस द्यायची काय हेही त्याच वेळी विचारा. मुलगी आठ वर्षांची आहे. तिनं आधी कधी घेतली नसेल तर पहिल्या वर्षी दोन डोस लागतात, मध्ये चार आठवडे. लस घेतली म्हणून फ्लू अजिबात होणार नाही असं नाही, पण छातीत उतरून ॲडमिट व्हायची पाळी येणं कमी होतं.

आणि यंदा आईला अचानक थंडी वाजून ताप, अंग मोडून आलं तर तीन दिवस काढे पाजत थांबू नका. फ्लूची गोळी पहिल्या ४८ तासांत सुरू केली तर जास्त उपयोगी पडते. धाप लागणं, ओठ निळसर होणं, बरळणं, किंवा ताप उतरून पुन्हा चढणं, यातलं काही दिसलं तर सरळ दवाखाना, रात्र असली तरी.

२००३ मध्ये सार्स या फुप्फुसाच्या साथीच्या वेळी ग्वांगतुंग प्रांतात लोकांनी पानलानगन नावाच्या मुळाच्या पुड्या आणि व्हिनेगर मिळेल त्या भावानं घेतलं, दुकानं रिकामी झाली. घरोघर व्हिनेगर उकळत होते. आमच्या बाईंचं मत असं की त्या गर्दीतच निम्म्या शहराला खोकला लागला असेल. त्या स्वतः चिनी वैद्य, घराण्यातच वैद्यकी. फ्लूची लस दर शरदात घ्यायच्या, आणि वर मानेला रुमाल गुंडाळायच्या.

कडोलीची सून

म्हणजे चक्रीफूल बंद. बरं. पण मॅडम, ते ॲक्युप्रेशरचं काय? आमच्या नणंदबाई गुडघ्याखाली कुठंतरी दाबतात, म्हणतात ताकद वाढते, आजार येत नाही.

खानापूरची डॉक्टर

चूसानली. गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटं, नडगीच्या हाडापासून बाहेरच्या बाजूला एक बोट. दाबू द्या, बरं वाटतं, खर्च नाही. विषाणू अडवतं असा माझा विश्वास नाही. सुया टोचून घ्यायच्या असतील तर मात्र माणूस बघून. महाराष्ट्रानं २०१५ मध्ये ॲक्युपंक्चरचा कायदा केलाय, त्यामुळं कोल्हापूर-गडहिंग्लजकडं जाणार असाल तर नोंदणी आहे काय हे विचारता येतं. सुई प्रत्येक वेळी नवी, तुमच्या डोळ्यांदेखत फोडलेली हवी.

निपाणीकर काका

डॉक्टरीणबाई, मी ६८ चा. लस मलाबी घ्यावी लागंल काय? आणि हळद-दूध?

खानापूरची डॉक्टर

घ्या काका. हळद-दूध पण घ्या, वखारीत काढलेला जन्म आहे तर एकदा छातीचा एक्स-रे पण काढून घ्या.

वडगावचा मागवाला

आईला उद्या सकाळी नेतोय, बायकोनं जेष्ठमधाचा डबा आत्ताच वर ठेवला. मेहुण्याला फोन केला. बॉक्सचा फोटो आहे काय विचारलं तर म्हणतो, "फोटो नाही, पण माझ्या पार्टनरनं घेतलेत, त्याला काही झालं नाही." त्याला सर्दी झाली काय हे विचारायचं राहिलं.